छोट्या तलावात मस्की मोठी होत नाही, हे कुणी सांगितलं?

मिनेसोटात गळ टाकायचा नाद असलेल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की ५०० एकरांच्या आतल्या तलावात मस्की (इथला मोठा शिकारी मासा) सोडणं म्हणजे पैसे पाण्यात, मासा तलावाच्या मापानेच वाढतो म्हणून तिथे ५० इंची मस्की कधी मिळणारच नाही, वर ती वॉलाय, म्हणजे लोकांचा आवडता खायचा मासा, खाऊन संपवते, आणि खर्च सगळा आपल्या टॅक्समधून, तेव्हा डीएनआरने (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने) हे बंद करावं. चांगले अनुभवी लोकसुद्धा हे पुढे पाठवतायत म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

तलावाच्या मापाने मासा वाढतो, हा त्यातला सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. मिनेसोटाचाच इतिहास बघा ना. व्हॉयेजर्स नॅशनल पार्कमध्ये शूपॅक नावाचा तलाव आहे, तिथली मस्की मुळातच हळू वाढणारी, अंगाने लहान. कित्येक वर्षं राज्यभर हीच स्ट्रेन, म्हणजे हाच वाण, सोडली गेली आणि जिथे सोडली तिथे लहानच राहिली, लोक म्हणाले आपल्या तलावातच दम नाही. मग १९८० च्या दशकात डीएनआरने लीच लेक या तलावातली स्ट्रेन घेतली आणि चित्र बदललं. चार वेगवेगळ्या स्ट्रेन त्याच दोन तलावांत सोडून तुलनाही केली होती, १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली, त्यात शूपॅक मागे पडली आणि लीच लेकवाली पुढे गेली. पाणी तेच, खाणं तेच, तलावाचं माप तर तेच होतंच, मग फरक कशाने पडला? वाणाने. त्यानंतर खाणं येतं, म्हणजे सकर, पर्च हे मासे, आणि खोल गार पाणी असेल तर टुलिबी, ज्याच्यात चरबी भरपूर असते. आणि मग येतं वय, कारण मादीला ५० इंच गाठायला बारा-पंधरा वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त, आणि नर बहुतेक तिथवर पोचतच नाहीत.

बरं, छोटे तलाव इतके टाकाऊ असते तर डीएनआरने लीच लेक स्ट्रेनची अंडी घ्यायला लेक रेबेका आणि इटास्का स्टेट पार्कमधला एल्क लेक का वापरले असते? रेबेका साधारण २५० एकर, एल्क ३०० च्या आसपास. म्हणजे मोठमोठ्या तलावांत आपण ज्या मस्कीमागे दिवस घालवतो त्यातल्या कितीतरी माशांच्या आया या छोट्या पाण्यात वाढलेल्या आहेत, आणि मेसेज म्हणतो तिथे सोडूच नका!

काहीजण उत्तर म्हणून मिशिगनचा लेक बेलेअर पुढे करतात, तिथे २०१२ मध्ये ५८ पौंडांची मस्की मिळाली आणि मिनेसोटाचा रेकॉर्ड मासा, २०२१ चा, अवाढव्य मिल लॅक्स तलावाचा असून ५६ पौंडांच्या किंचित आतच आहे. ऐकायला मस्त वाटतं पण मी हा पुरावा वापरणार नाही, कारण बेलेअर १७०० एकरांच्या वर आहे, शिवाय तो तलावांच्या साखळीतला आहे, मासा पुढे टॉर्च लेकपर्यंत फिरू शकतो. आपली बाजू खरी असताना कच्चा पुरावा कशाला द्यायचा.

वॉलायचं काय? विस्कॉन्सिनमध्ये ३४ ठिकाणच्या हजारावर मस्कींच्या पोटात काय आहे ते तपासलं होतं, १९९९ मध्ये ते छापून आलं. सगळ्यात जास्त यलो पर्च आणि व्हाइट सकर, वॉलाय अगदीच क्वचित. मस्की वॉलाय कधीच खात नाही असं मी म्हणत नाहीये, पण तलावातले वॉलाय कमी झाले की पहिलं बोट मस्कीकडे दाखवायचं ही सवय सोडा.

टॅक्सचा मुद्दा तर सरळ चूक आहे. हा पैसा मुख्यत्वे आपल्या फिशिंग लायसन्सच्या फीमधून येतो आणि रॉड-रील वगैरेवर जो फेडरल एक्साइज लागतो त्यातून, तो कायदा १९५० चा. शिवाय १९६६ मध्ये इथेच सेंट पॉलला सुरू झालेल्या मस्कीज इंकसारख्या संस्था स्वतःचे पैसे घालून पिल्लं सोडत आल्यात.

आता मेसेजमध्ये जे यायला हवं होतं आणि आलंच नाही ते सांगतो. तलाव छोटा असला की मस्कीची लांबी अडत नाही, संख्या अडते. समजा पाच एकरांना एक मोठी मस्की धरली तर ३०० एकरांत साठच होतात, त्यात माद्या निम्म्या, आणि त्यातल्या पंधरा वर्षांच्या वरच्या किती, हाताच्या बोटांवर मोजाल. त्यातली एक जरी मेली तरी त्या तलावाची कित्येक वर्षं गेली. मिनेसोटात बहुतेक ठिकाणी ५४ इंचांच्या आतली मस्की ठेवताच येत नाही, २०१५ पासून तसा नियम आहे, म्हणजे बहुतेक मासे सोडलेच जातात, पण कसे सोडले जातात? होडीत आपटलेला, फोटोसाठी मिनिटभर हवेत धरलेला मासा पोहत गेला म्हणजे जगलाच असं नाही. आणि जिथे धरण आहे तिथे सांडव्यावरून मोठे मासे खाली निघून जातात, इलिनॉयमध्ये हे चांगलं तपासलं गेलंय, तिथे आधी जाळी बसवा मग पिल्लं सोडा अशी मागणी करणं जास्त शहाणपणाचं.

उन्हाळा हा छोट्या उथळ तलावाचा खरा वैरी. मोठ्या खोल पाण्यात मासा खाली गारव्याला जाऊ शकतो, इथे जायला जागाच नसते आणि तापलेल्या पाण्यात झुंजवलेली मस्की सोडल्यावरही मरू शकते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पाण्यात थर्मामीटर टाका, ८० फॅरनहाइट म्हणजे साधारण २७ सेल्सियसच्या वर दिसलं तर त्या दिवशी मस्कीचा रॉड गाडीतच ठेवा आणि सनफिशच्या मागे लागा, पोरांनाही त्यातच जास्त मजा येते.