"वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के": तो पिरॅमिड फॉरवर्ड करू नका प्लीज

हॉटेल मॅनेजमेंट आणि टुरिझम शिकवणाऱ्यांच्या ग्रुप्सवर परत ती शिकण्याच्या पिरॅमिडची इमेज फिरतेय. वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं, म्हणून थिअरी कमी करा. खाली नाव अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलचं. मी पण मागे हाच शेअर केला होता, तेव्हा चूक माझीही आहे.

डेलने १९४६ मध्ये असा शंकू काढला होता हे खरं, पण त्यात टक्के नव्हतेच! अनुभव किती प्रत्यक्ष, किती अमूर्त एवढंच तो दाखवत होता, आणि याला शब्दशः धरू नका असंही त्यानेच सांगितलेलं, आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. आणि जरा विचार करा, खरी मोजणी इतकी गोल गोल दहाच्या पटीत येते का कधी?

प्रॅक्टिकल हवंच, त्यावर वाद नाही. पण टेबल सेटअपचा चार्ट समोर टांगून पोरं दहा वेळा कव्हर (एका पाहुण्याची ताट-काटे-ग्लासची मांडणी) लावतात, चार्ट काढला की वाईन ग्लास कुठे ठेवायचा इथेच अडतात. लक्षात राहण्यासाठी पुरावा आहे तो समोर न बघता स्वतः आठवून पाहण्याचा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा, त्यात पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते पण आठवड्याने स्वतःची टेस्ट घेणारे पुढे गेले, हां, तो उताऱ्यांवर होता, सर्व्हिसवर नाही.

ती इमेज ग्रुपवर असेल तर डिलीट करा, पुढे पाठवली असेल तर तिथे हे टाका.