फ्रेंडमधे एंड नाही आणि बिलीव्हमधे लाय पण नाही

ते फॉरवर्ड परत फिरायला लागलंय. फ्रेंडच्या शेवटी एंड असतो, बिलीव्हच्या मधोमध लाय बसलेलं असतं, लव्हरमधे ओव्हर, वाइफमधे इफ, म्हणून कुणावर विसंबून राहू नका, आणि खाली शुभ सकाळ. माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला येणारी आठवी-नववीची मुलं हे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या दोन शब्दांची जन्मकथा अगदी उलट आहे.

फ्रेंड घ्या. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द फ्रेओंड असा होता. फ्रेओन म्हणजे प्रेम करणं, त्याला शेवटी एन-डी लागलं की झाला प्रेम करणारा. म्हणजे ज्याला आपण एंड समजतो त्यातलं एन-डी हा साधा प्रत्यय आहे, शेवटाशी त्याचं काही देणंघेणं नाही. फेओन म्हणजे द्वेष करणं, त्यालाही हाच प्रत्यय लागला आणि आजचा फीन्ड तयार झाला, म्हणजे वैरी, सैतान. आणि फ्रेंड हा आपल्या 'प्रिय'च्या भावकीतला. आपल्याकडे जिथे प असतो तिथे इंग्रजीत बऱ्याचदा फ येतो, पितृ आणि फादर, पाद आणि फूट, तसंच हे.

बिलीव्हचं तर मला जास्तच लागतं. त्यातलं 'बी' उपसर्ग आहे आणि उरलेला भाग लव्हच्या कुळातला, मूळ अर्थ जवळचं मानणं, जिव्हाळ्याचं मानणं. संस्कृतातला लुभ् धातू, ज्यावरून लोभ आला, तोही याच घरातला. खोटं बोलणं या अर्थाचा लाय वेगळ्याच मुळातून आलाय, स्पेलिंग जुळलं एवढंच. आय आधी की ई आधी हे लक्षात राहावं म्हणून शब्द तोडून पाठ केला तर माझी काहीच हरकत नाही, पण त्यावरून माणसांवर अविश्वास शिकवायचा हे मला पटत नाही.

वाइफ म्हणजे पूर्वी बाई, लग्न झालेली असो वा नसो. मिडवाइफमधे ते अजून टिकलंय, तिथे मिड म्हणजे सोबत, बाळंतिणीसोबत असणारी ती सुईण.

फीमेलमधे मेल आहे म्हणून रागावणाऱ्या मैत्रिणी मला आहेत आणि त्यांचा राग ज्या गोष्टींवर आहे त्या खऱ्याच आहेत, पण हा पुरावा चालणार नाही. फीमेल आला लॅटिन फेमेला वरून, मेल आला मास्क्युलस वरून, दोन्ही फ्रेंचमार्गे. चौदाव्या शतकात लोकांनी मेलशी जुळावं म्हणून फेमेलचं रूप बदललं. हिस्टरी म्हणजे 'हिज स्टोरी', पुरुषाची गोष्ट, असंही म्हणतात, पण हिस्टरीत 'हिज' नाहीये. ग्रीक हिस्टोरिया म्हणजे चौकशी, शोध घेणं, हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात हा शब्द वापरलाय. आतली स्टोरी मात्र खरी, कारण स्टोरी हा हिस्टरीचाच झिजलेला अवतार. आणि मूळ धातू कुठला तर पाहणं-जाणणं या अर्थाचा, ज्यातून आपल्याकडे विद्या आणि वेद आले.

आता इथे लगेच कुणीतरी लिहील की बघा, सगळं संस्कृतातूनच गेलं. तसं नाही हो. १७८६ मधे कलकत्त्यात विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीश-अभ्यासकाने जे मांडलं ते हेच की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका आणखी जुन्या भाषेच्या लेकी असाव्यात, आणि इंग्रजीचं घराणंही त्यातलंच असावं असं त्याने सुचवलं होतं. म्हणजे बहिणी-बहिणी. इंग्रजी शब्दात संस्कृत घुसवणं ही पण फ्रेंडमधे एंड शोधण्यासारखीच चूक आहे, फक्त आपल्याला ती सुखावते.

इंग्रजीत थेट आपल्याकडून गेलेला शब्द हवाच असेल तर तो आहे ना, मुंगूस! तिकडे गेल्यावर त्याचा माँगूज झाला आणि स्पेलिंगमधे उगाचच गूज, म्हणजे हंसासारखा तो पक्षी, येऊन बसला. म्हणून मुलं त्याचं अनेकवचन गीजच्या चालीवर माँगीज करतात, पण डिक्शनरीत पहिलं रूप माँगूजेस असंच दिलेलं असतं.