पोर्ट मॅनेजमेंटची पदवी म्हणजे बोटीचं तिकीट नव्हे

बारावीचे निकाल लागले की आमच्या वास्कोच्या ऑफिसात नातेवाइकांचे फोन सुरू होतात. यंदा प्रत्येक फोनमागे एकच फॉरवर्ड. डिचोलीच्या भावोजींनी पाठवला, सांखळीच्या मावशीनं पाठवला, आणि फोंड्याच्या एका मित्रानं तर "हे खरं काय रे?" असं विचारत दोनदा पाठवला. मजकूर थोडक्यात असा: मेरीटाइम अँड पोर्ट मॅनेजमेंटची पदवी घ्या, तीन वर्षांत जहाजावर ऑफिसर व्हा. पगार लाखांत, टॅक्स शून्य. जहाज नको असेल तर मुरगाव बंदरात सरकारी नोकरी. गोवा सोडायला नको. आर्ट्स-कॉमर्सलाही प्रवेश. शंभर टक्के प्लेसमेंट.

यातलं आर्ट्स-कॉमर्सचं तेवढं बहुतेक ठिकाणी खरं आहे. मी स्वतः बी.कॉम. करूनच शिपिंग एजन्सीत शिरलो. बाकीचं एकेक घेऊ.

जहाजावर ऑफिसर. साफ चूक, आणि पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान करणारी. मर्चंट नेव्हीत अधिकारी व्हायचा रस्ता वेगळा आहे. डेकवर जायचं तर बी.एस्सी. नॉटिकल सायन्स किंवा एक वर्षाचा डीएनएस (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा), इंजिनरूममध्ये जायचं तर मरीन इंजिनिअरिंग. हे कोर्स डीजी शिपिंगनं, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयानं, मान्य केलेले असावे लागतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, त्यात 60 टक्के, इंग्रजीत 50, वर इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी आणि मेडिकल. त्यानंतर कॅडेट म्हणून समुद्रावर दिवस भरायचे, परीक्षा द्यायच्या, मग कुठे खांद्यावर पट्टी. मॅनेजमेंटच्या पदवीनं, म्हणजे बीबीएनं, यातली एकही पायरी चुकत नाही. "डीजी शिपिंग मान्यताप्राप्त बीबीए" असं कुणी सांगितलं तर तिथंच थांबा. डीजी शिपिंगची मान्यता खलाशी-अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला असते. बीबीएसाठी बघायचं ते विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का आणि, 2024-25 पासून, कॉलेजला एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) मंजुरी आहे का.

हा घोळ गोव्यात इतका सहज पचतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे तारवटींच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, पिढ्यान्‌पिढ्या झाल्या. बोटीची वाट बघत मुंबईच्या कुडीत (गोवेकरांच्या क्लबघरात) दिवस काढलेला कुणीतरी प्रत्येक वाड्यावर निघतो. त्यामुळे 'शिपिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो बोटीवर चढणारा माणूस. ती बोट धक्क्याला लागल्यावर किनाऱ्यावर किती जणांचं पोट चालतं, हे कुणी मोजत नाही.

टॅक्स शून्य. ही सवलत पदवीला नाही, दिवसांना आहे. परदेशी फेऱ्यांवर असलेला खलाशी वर्षातले पुरेसे दिवस देशाबाहेर राहिला, तर तो अनिवासी ठरतो; सीडीसीवरच्या (खलाशाच्या सरकारी नोंदपुस्तकातल्या) चढल्या-उतरल्याच्या तारखांवरून ते मोजतात. तुम्ही वास्कोत टेबलापाशी बसून बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढलेल्या मालाची पावती) तपासणार असाल, तर शेजारच्या बँकवाल्याला लागतो तोच टॅक्स तुम्हाला.

मुरगावात सरकारी नोकरी. याचं उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं, कारण अर्धी पिढी 'पोर्ट ट्रस्टमध्ये चिकटला' हे ऐकत मोठी झाली. 2021 च्या कायद्यानंतर तो ट्रस्टही राहिला नाही, आता मुरगाव पोर्ट ऑथॉरिटी आहे. नाव बदलण्याच्या कितीतरी आधीच काम बदललं होतं. मोठी बंदरं आता जमीनमालकासारखी चालतात: चॅनल आणि धक्के बंदराचे, माल हाताळणारा खासगी ऑपरेटर. मुरगावात 5ए, 6ए आणि 7 नंबरचे धक्के असेच चालतात. ऑथॉरिटीत भरती होते, पण मोजकी, आणि त्या-त्या पदाला लागेल ती पात्रता बघून. पदवीच्या नावात 'पोर्ट' आहे म्हणून कुणी खुर्ची राखून ठेवत नाही.

आणि मुरगाव कशावर उभं होतं ते विसरू नका. 2010-11 साली इथं 5 कोटी टनांच्या आसपास माल हाताळला गेला, त्यातला बहुतेक लोहखनिज. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि 2013-14 ला आकडा दीड कोटीच्याही खाली आला. आमोणे-नावेलीच्या घरांना हे मी सांगायला नको. दारातले खनिज वाहणारे बार्ज (सपाट बोटी) गंजताना त्यांनी बघितलेत.

म्हणून 'गोवा सोडायला नको' हेही फसवं. या पदवीत जे शिकवतात त्यातला मोठा भाग कंटेनरचा असतो, आणि मुरगावात कंटेनर नावापुरते. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात 2024-25 मध्ये 70 लाखांहून जास्त टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापानं) हाताळले गेले. सुरुवातीची चार-पाच वर्षं उरण, मुंद्रा नाहीतर चेन्नईत काढायची तयारी असेल तर या वाटेला जा.

मग पदवी फुकट? मुळीच नाही. तिचं खरं काम काय ते दाखवतो. समजा, जहाज नांगरावर आलं, कॅप्टननं नोटीस ऑफ रेडिनेस, म्हणजे जहाज तयार असल्याची नोटीस, दिली. तिथून घड्याळ सुरू. ठरल्या वेळेत माल भरून झाला नाही तर माल भरणारा डेमरेज (उशिराचा आकार) देतो, धरा दिवसाला 15,000 डॉलर. दुपारी 2.10 ला पाऊस आला, हॅचेस (मालाच्या कप्प्यांची झाकणं) बंद, 4.40 ला उघडले. करारात पावसाचा वेळ वगळलेला असेल तर हे अडीच तास मोजायचे नाहीत: 1,562 डॉलर वाचले. पण मुदत आधीच संपून डेमरेज सुरू झालेलं असेल, तर सहसा तोच पाऊस मोजला जातो. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी पाऊस थांबल्याची वेळ मोघम लिहिली होती, 'साडेचारच्या सुमारास'. साहेबांनी कागद परत सरकवला आणि एवढंच म्हणाले, "सुमारास म्हणजे किती डॉलर?"

मला हे कळायला पाच वर्षं गेली. चांगला कोर्स ते दोन सेमिस्टरमध्ये शिकवतो. शिवाय चार्टर पार्टी (जहाज भाड्यानं घेण्याचा करार), मरीन इन्शुरन्स, कस्टम्सची कागदपत्रं. नोकऱ्या आहेत त्या इथं: शिपिंग एजंट, फ्रेट फॉरवर्डर, कस्टम ब्रोकर, टर्मिनल ऑपरेटर. सुरुवातीचा पगार लाखात नसतो. जहाज रात्री दोनला लागलं तर रात्री दोनलाच जावं लागतं.

शंभर टक्के प्लेसमेंटबद्दल कॉलेजला एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षीची मुलं कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर लागली? गोदामात बारकोड मारणारा आणि टर्मिनलचा प्लॅनर, दोघेही त्या शंभरात धरलेले असतात.

सांखळीच्या मावशीच्या नातवाला हिरवा-लाल रंग नीट ओळखता येत नाही. बोटीचं दार त्याला मेडिकललाच बंद, आणि फॉरवर्ड वाचून घरचे फी भरायला निघाले होते. गंमत म्हणजे पोरगा हिशेबाला तल्लख आहे, वाद घालायला त्याहून. शनिवारी तो आमच्याकडे येतोय. त्याच्यासाठी एक जुनी लेटाइम शीट, म्हणजे त्या घड्याळाच्या हिशेबाचा कागद, काढून ठेवलीय, पावसाच्या दोन नोंदी मुद्दाम चुकवून.