मावशीकडे झोपलेलं मूल म्हणजे टाकलेलं मूल?

रविवारी रात्री मामेबहिणीने एक फॉरवर्ड पाठवला, खाली फक्त "ताई, हे खरंय का गं?" मेलबर्नच्या दोन-तीन मराठी ग्रुपवर तो आठवडाभर फिरतोय, मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. पण ही पोरगी सोशल वर्कचं मास्टर्स संपवून येत्या सोमवारपासून चाइल्ड प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे धोक्यातल्या मुलांचं बघणाऱ्या आणि गरज पडली तर त्यांना घरातून काढणाऱ्या सरकारी खात्यात, रुजू होतेय, म्हणजे आठ दिवसांत कुणाच्या तरी दारात उभी राहणार आणि डोक्यात हे घेऊन. मी त्याच कामात अकरा वर्षं आहे, चार वर्षं टीम लीडर. म्हणून झोप मोडून लिहितेय.

फॉरवर्डात काय आहे ते थोडक्यात. एक, अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळ रहिवासी) लोकांना मुलं सांभाळता येत नाहीत, मूल आज आईकडे, उद्या मावशीकडे, परवा आजीकडे, कुणाचंच नाही. दोन, 'चोरलेल्या पिढ्या', म्हणजे त्यांची मुलं जबरदस्तीने नेली तो काळ, हा जुना इतिहास, किती उगाळणार. तीन, 'संस्कृती'च्या नावाखाली सरकार मुलांना धोक्याच्या घरात परत ढकलतं. चार, सगळ्यांना एकच नियम लावा. शेवटी हात जोडलेले इमोजी.

पहिल्या मुद्द्यावर आधी हसू आलं, मग राग. आज आईकडे, उद्या मावशीकडे, आणि हे लिहितंय कोण, तर मराठी माणूस! 'माय मरो पण मावशी उरो' म्हणणारे आपणच ना? अ‍ॅबोरिजिनल समाजांत बऱ्याच ठिकाणी आईची बहीण ही पण आईच, वडिलांचा भाऊ हा पण बापच, आणि त्यांची मुलं ही सख्खी भावंडं. नुसतं म्हणायला नाही, मुलाला खाऊ घालायची, रागवायची, कुठल्या जागी कसं वागायचं ते शिकवायची जबाबदारी तशी वाटलेली असते. आता आमचा फॉर्म बघा. 'मुख्य पालक' या शब्दांपुढे एकच ओळ. आठवड्यात तीन घरांत झोपलेलं मूल त्या ओळीत बसत नाही, मग केसवर्कर लिहितो 'स्थिर सांभाळ नाही'. घरात नऊ माणसं दिसली की 'गर्दी'. आजी डोळ्याला डोळा न भिडवता गप्प बसली की 'सहकार्य करत नाहीत'. (आपल्याला लहानपणी डोळे वर करून बोललं म्हणून धपाटे मिळायचे, ते विसरलो वाटतं.)

आणि मी काही शहाणी जन्मले नव्हते. पहिल्याच वर्षी एका मुलाबद्दल 'पत्ता अस्थिर' असं मी स्वतः लिहिलंय. आमच्याकडे एक वयस्कर अ‍ॅबोरिजिनल सहकारी होत्या, सगळे त्यांना आंटीच म्हणायचे, त्यांनी तो कागद वाचला आणि विचारलं, तुझी आई कुठे वाढली? मी म्हटलं, पाचवी ते दहावी कराडला मावशीकडे, गावात शाळा नव्हती म्हणून. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या आजीवर रिपोर्ट कुणी केला?" मी कागद परत घेतला.

याचा अर्थ सगळं आलबेल समजायचं असा नाही. प्रश्न बदलायचे. आत्ता मूल कुठंय हे या मोठ्या माणसांना ठाऊक आहे का, दवाखान्यात कोण नेतं, ताप आला तर रात्री कोण उठतं, घरात भांडण पेटलं तर पोरं कुणाच्या घरी पळतात. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक वेळा मुलाचं खरं सुरक्षित घर सापडतं. पण ते वही उघडून टकाटका प्रश्न विचारून कळत नाही. बसावं लागतं, तुझी माणसं कुठली हे त्यांनी आधी आपल्याला विचारायचं असतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक म्हणून आधी तोच घेते. संस्कृती की सुरक्षितता, जणू दुकानात एकच मिळते. इथे अ‍ॅबोरिजिनल मुलांसाठी 'चाइल्ड प्लेसमेंट प्रिन्सिपल' आहे, त्याचे पाच भाग, आणि पहिलाच भाग म्हणजे मूल घरातून काढायची वेळच येऊ नये म्हणून कुटुंबाला आधीच मदत. काढावंच लागलं तर आधी नातेवाईक बघा, मग त्यांचा समाज, मग इतर अ‍ॅबोरिजिनल कुटुंब, आणि काहीच जमलं नाही तर बाकीचे. धोक्यात ठेवा असं त्यात एका ओळीतही नाहीये. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी लाकिजेकासारख्या अ‍ॅबोरिजिनल सल्ला सेवेला विचारावंच लागतं, सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवून ठरवायची बैठक असते, आणि २०१७ पासून तर कोर्टाच्या ऑर्डरवरच्या काही मुलांची कायदेशीर जबाबदारी थेट अ‍ॅबोरिजिनल संस्थांकडे दिली जाते. आणि 'परत ढकलतात' म्हणे! २००८ साली काळजी-व्यवस्थेत, म्हणजे आईबापांकडून काढून दुसरीकडे ठेवलेली, जेवढी अ‍ॅबोरिजिनल मुलं होती त्याच्या दुपटीहून जास्त आज आहेत. ढकलाढकली चालू आहे ती उलट्या दिशेने.

हां, अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. हिंसा आहे. व्हिक्टोरियात टास्कफोर्स १००० या तपासणीत घराबाहेर ठेवलेल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांपैकी ९८० जणांच्या केसेस एकेक करून तपासल्या, तर ८८ टक्के मुलांच्या आयुष्यात कौटुंबिक हिंसाचार होता. हा आकडा बघून मलाही गप्प बसायला होतं. पण मारणारा दर वेळी अ‍ॅबोरिजिनलच असतो असं नाही, आणि मार खाणारी आई पोलिसांना फोन का करत नाही हे विचारा. पोलिसांचा रिपोर्ट आमच्याकडे येतो, आम्ही मूल नेऊ शकतो, हे तिला पक्कं ठाऊक असतं, कारण तिच्या आईला नेलं होतं, आजीलाही नेलं होतं. आम्हाला ती जितकी घाबरेल तितकं मूल त्या घरात जास्त अडकतं. म्हणजे विश्वास हा सुरक्षिततेचाच भाग झाला ना?

इथेच 'जुना इतिहास' पण निकालात निघतो. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालानुसार साधारण १९१० ते १९७० मध्ये दहातल्या एकापासून तिघातल्या एकापर्यंत मुलं जबरदस्तीने नेली गेली. न्यू साउथ वेल्समधल्या किंचेला इथल्या होममध्ये, अशा नेलेल्या मुलग्यांना ठेवायचे तिथे, पोरांना नाव नाही, नंबर होता. ते होम १९७० मध्ये बंद झालं, त्यातली पोरं आज आजोबा आहेत, दार उघडतात ना ती माणसं. आणि जुनं म्हणाल तर कायद्याच्या प्राध्यापक मेगन डेव्हिस यांचा २०१९ चा 'फॅमिली इज कल्चर' अहवाल वाचा, दुसरं काही नाही वाचलंत तरी चालेल. न्यू साउथ वेल्समध्ये २०१५-१६ या एका वर्षात काळजीत गेलेल्या १,१४४ अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या फायली तपासल्या, १२५ शिफारशी केल्या. काही केसेसमध्ये केसवर्करनी कोर्टापुढे दिशाभूल करणारी माहिती ठेवल्याचं निघालं, आणि कागदावर नियम पाळले, खूण केली, प्रत्यक्षात शून्य, असा प्रकार तर जागोजागी. हे १९१५ चं नाहीये.

राहिला 'एकच नियम'. देशातल्या मुलांत अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट (उत्तरेकडच्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांची) मुलं साधारण ६ टक्के, काळजी-व्यवस्थेत मात्र ४० टक्क्यांच्या वर. कागदावर वेगळं प्रिन्सिपल असलं तरी प्रत्यक्षात 'मुख्य पालक'वाली एकच फूटपट्टी लावून आलेला हा आकडा आहे.

आणि आपल्या लोकांना तर हे बोलायची सोयच नाही. २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन मुलं नेली, हाताने भरवणं, एका बिछान्यात झोपवणं यावरही बोट ठेवलं गेलं असं आईबाप सांगत होते, तेव्हा 'त्यांना आपली संस्कृती काय कळते' म्हणून सगळीकडे बोंब झाली होती ना? आणि २०१२ मध्ये ती मुलं कुणाच्या ताब्यात दिली? काकाच्या. परक्याकडे नको, नात्यात द्या. तेव्हा कोणी म्हणालं नाही की मुलाला संस्कृती नको, सुरक्षितता हवी.

बहिणीला उत्तर एवढंच पाठवलं: नाही, खरं नाहीये, बाकी फोनवर. सोमवारी कुणाच्या घरी गेलीस तर आधी चहा घे, वही नंतर काढ. आणि 'मुख्य पालक'पुढची ती ओळ पुरणार नाही, पानाच्या मागे लिही, मी सही करेन.