कौन्सिलचं घर ‘बाहेरच्यांना आधी’? इंग्लंडमधली यादी चालते कशी

ब्रिटनमधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: कौन्सिलची (स्थानिक पालिकेची, कमी भाड्याची) घरं बाहेरून आलेल्यांना आधी मिळतात, वर्षानुवर्षं रांगेत असलेले तिथेच राहतात, पोरं जास्त असली किंवा ‘आम्ही बेघर आहोत’ म्हटलं की काम होतं, आणि तक्रार करून काही हाती लागत नाही. यातला राग खरा आहे, कारणं मात्र बहुतेक चुकलेली. पुढचं सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत.

‘बाहेरच्यांना आधी’

१९९६ च्या हाउसिंग ॲक्टमधलं कलम १६०झेडए सांगतं की इमिग्रेशनच्या बंधनाखाली असलेल्या (म्हणजे देशात राहायला परवाना लागणाऱ्या) माणसाला कौन्सिल घर देऊ शकत नाही. अपवाद नियमावलीत लिहिलेले आहेत: निर्वासित म्हणून मान्यता मिळालेले, कायम राहण्याचा परवाना असलेले (नातेवाइकाच्या लेखी हमीवर आलेले असतील तर साधारणपणे पाच वर्षांनंतर) आणि असेच काही मोजके गट. स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरीला आलेले, विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर आलेले जोडीदार यात बसत नाहीत. आश्रय मागणाऱ्यांना ठेवतात ती हॉटेलं गृहखातं चालवतं, कौन्सिलच्या यादीशी त्यांचा संबंध नसतो. कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशन (स्वस्त भाड्यानं घरं देणाऱ्या ना-नफा संस्था) यांची नवी भाडेपट्टी पाहिली तर दहापैकी साधारण नऊ ठिकाणी मुख्य भाडेकरू ब्रिटिश नागरिक असतो. अर्थात त्यात इथे येऊन नागरिक झालेलेही आले.

मग शेजारच्या फ्लॅटमध्ये दर सहा महिन्यांनी नवी माणसं दिसतात ती कोण? बऱ्याचदा तो फ्लॅट कौन्सिलचा राहिलेलाच नसतो. १९८० च्या कायद्यानं भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला आणि तेव्हापासून इंग्लंडमध्ये जवळपास २० लाख घरं विकली गेली. त्यातली कितीतरी आज खासगी घरमालक बाजारभावानं भाड्यानं देतात. व्हिसावर आलेली आयटीतली कित्येक मराठी जोडपी अशाच फ्लॅटमध्ये राहतात, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटतं की यांना कौन्सिलनं घर दिलं.

मजकुराच्या शेवटी ‘आपणही टॅक्स भरतो, अर्ज टाकायला काय हरकत’ असा सल्ला आहे. हरकत मोठी आहे. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (ठरावीक सरकारी मदत घ्यायला बंदी) लिहिलेलं असेल तर कौन्सिलचं घर आणि बेघरांना मिळणारी मदत दोन्ही त्या बंदीत येतात. घेतली तर व्हिसाची अट मोडते. एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) आणि सरकारी शाळा त्यात येत नाहीत. एकट्या माणसाला कौन्सिल टॅक्समध्ये (घरपट्टीसारखा कर) मिळणारी २५ टक्के सवलतही येत नाही, मात्र कमी उत्पन्नामुळे मिळणारी कौन्सिल टॅक्स सवलत येते.

‘मी दहा वर्षं रांगेत, ती दोन वर्षांत आत’

रेशनच्या रांगेसारखी ही यादी पुढे सरकत नाही. प्रत्येक कौन्सिलला स्वतःची लेखी वाटप योजना ठेवावी लागते, आणि कायद्यानं ठरवलेल्या गटांना त्यात प्राधान्य द्यावं लागतं: बेघर, दाटीवाटीच्या किंवा आरोग्याला घातक घरात राहणारे, आजार वा अपंगत्वामुळे घर बदलणं भाग असलेले, आणि विशिष्ट भागात न गेल्यास हाल होतील असे. त्यावरून बहुतेक कौन्सिली बँड, म्हणजे गरजेनुसार गट, ठरवतात. तारीख मोजली जाते ती बँडच्या आत. सगळ्यात खालच्या बँडमधली दहा वर्षं वरच्या बँडमधल्या दोन महिन्यांपुढे फिकी पडतात. शिवाय अनेक ठिकाणी बँड बदलला की त्या दिवसापासून नवी तारीख धरली जाते. ती पत्रावर छापलेली असते. ती तपासा, कारण चुका तिथे होतात.

दर आठवड्याला जाहीर होणाऱ्या घरांवर ‘बिड’ करायची, म्हणजे पसंती नोंदवायची असते. त्याला पैसे लागत नाहीत, आणि शेकडो बिड केल्या म्हणून क्रमांक वर जात नाही. ‘वय ५५ च्या वर’ किंवा ‘व्हीलचेअरसाठी’ असं लिहिलेल्या घरावर बिड करणं म्हणजे तो आठवडा फुकट घालवणं.

जुन्या रहिवाशांना डावललं जातं या म्हणण्याला तर उलटा पुरावा आहे. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टनंतर कौन्सिलींना वास्तव्याची (त्या भागात ठरावीक वर्षं राहिलेलं असण्याची) अट घालता येते, आणि बऱ्याच जणींनी ती घातली. पश्चिम लंडनमधल्या हिलिंग्डननं ती थेट दहा वर्षं केली. २०१९ मध्ये अपील न्यायालयाला सांगावं लागलं की तिच्यामुळे आयरिश ट्रॅव्हलर (परंपरेनं भटकं जीवन जगणारा समाज) आणि निर्वासितांशी अप्रत्यक्ष भेदभाव होतो.

‘पोरं वाढवा, घर मिळवा’

मुलांमुळे खोल्यांची गरज वाढते. मोठी घरं रिकामी होतात सर्वांत कमी, म्हणून वाट पाहणं लांबतं. नेहमीच्या मोजणीत ८ आणि १२ वर्षांचे दोन मुलगे एका खोलीत धरले जातात, म्हणजे आईवडिलांसह दोन बेडरूम पुरेत. १२ चा मुलगा आणि ८ ची मुलगी असेल तर तीन. ‘कायद्यानं दाटीवाटी’ ठरण्याची कसोटी याहून कितीतरी कडक आहे. ती मुळात १९३५ ची. तिच्यात दिवाणखानाही झोपायची खोली म्हणून मोजतात, एक वर्षाच्या आतलं बाळ मोजतच नाहीत आणि दहाच्या आतलं मूल अर्धं धरतात. सहा जण कोंडून राहत असतानाही ‘दाटी नाही’ असं पत्र येतं ते यामुळे. त्या कसोटीवर टीका जरूर करा.

‘बेघर व्हा’

हा सल्ला सर्वांत घातक. स्वतःहून घर सोडलं तर ‘जाणूनबुजून बेघर’ असा शिक्का बसू शकतो, आणि मग कायमच्या घराची मुख्य जबाबदारी कौन्सिलवर राहत नाही. घरमालकाची नोटीस आली तर सामान उचलू नका. नोटीस घेऊन लगेच कौन्सिलच्या हाउसिंग ऑप्शन्स विभागात जा. ५६ दिवसांत बेघर होण्याचा धोका असेल तर मदत करणं त्यांना बंधनकारक आहे. अर्जात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, आणि खोट्या माहितीवर मिळालेलं घर काढून घेता येतं.

बेघर म्हणून मान्य झालेल्यांनाही आधी तात्पुरती जागा मिळते, आणि तिथे वर्षं जातात. मुलं असलेल्या कुटुंबाला खासगी बी अँड बीमध्ये (लॉजसारख्या जागेत) सहा आठवड्यांहून जास्त ठेवायला मनाई आहे, तरी ठेवतात. इथे तक्रारीला भक्कम आधार आहे.

‘तक्रार करून उपयोग नाही’

ढोबळ तक्रारीचा नाहीच. ‘अमक्याला मिळालं, मला का नाही’ याला गोपनीयतेमुळे उत्तरच देता येत नाही. आपल्या फाइलबद्दल विचारा. आधी कौन्सिलची वाटप योजना वेबसाइटवरून उतरवून घ्या. आपल्या बाबतीत कोणती माहिती धरली ते लेखी मागा. तो हक्क आहे. मग पुनर्विचाराचा अर्ज करा, मुदत बहुधा २१ दिवसांची असते. वैद्यकीय कारण असेल तर ‘रुग्णाला दमा आहे’ एवढ्या पत्रानं बँड बदलत नाही, कारण कौन्सिल आजार मोजत नाही, घरामुळे तो किती बळावतो ते बघते. किती पायऱ्या, लिफ्ट आहे का, बुरशी कोणत्या खोलीत, गेल्या वर्षी किती वेळा इस्पितळात जावं लागलं, हे डॉक्टरांच्या पत्रात हवं. काही ठिकाणी दरवर्षी नोंदणीचं नूतनीकरण लागतं; त्या ईमेलला उत्तर दिलं नाही तर नाव गळतं.

त्यानंतर कौन्सिलची तक्रार प्रक्रिया पूर्ण करून लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओंबुड्समनकडे (तक्रारींची स्वतंत्रपणे चौकशी करणाऱ्यांकडे) जाता येतं, साधारण बारा महिन्यांच्या आत. ते घर देत नाहीत. चुकीची तारीख दुरुस्त करायला आणि भरपाई द्यायला मात्र सांगतात. आपण आधीच कौन्सिलचे भाडेकरू असाल आणि तक्रार दुरुस्तीची किंवा घरमालक म्हणून कौन्सिलच्या वागण्याची असेल तर दार वेगळं: हाउसिंग ओंबुड्समन.

बेघर म्हणून शेवटचं घर देऊ केलं आणि ते गैरसोयीचं वाटलं, तर रागानं नाकारू नका. नकार दिलात आणि पुनर्विचारात हरलात तर हातात काहीच उरत नाही. घर स्वीकारा, चाव्या घ्या, आणि त्याच आठवड्यात ते योग्य नाही म्हणून पुनर्विचार मागा. कायदा दोन्ही एकदम करू देतो.