व्याह्यांचे पितर आणि सरकणारी काउंटी

लेकीने इंग्लंडमध्ये संसार थाटला, नातू झाला आणि त्याची वंशावळ लिहून काढण्याचे काम, दोन्हीकडच्या कुटुंबांत मीच काय तो रिकामा दिसत असल्याने, माझ्याकडे आले. आमची बाजू सोपी होती. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारले, वही काढली आणि थेट पणजोबांच्या सहीवर बोट ठेवले. दक्षिणेवरची घासाघीस सोडली तर कष्ट कुणालाच पडले नाहीत. व्याह्यांची बाजू मात्र बर्कशर या काउंटीची, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याची, होती.

इंग्रजांनी नोंदी ठेवल्या नाहीत असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, ठेवावी असा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढला, १ जुलै १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि १८४१ पासून खानेसुमारीत माणसांची नावेही येऊ लागली. एवढ्या कागदांत माणूस सापडायलाच हवा. प्रश्न फक्त त्याला कोणत्या काउंटीत शोधायचे, एवढाच असतो.

काउंट्यांशी माझी ओळख क्रिकेटपुरती होती आणि ती किती फसवी आहे हे मला लवकरच कळले. मिडलसेक्स ही प्रशासकीय काउंटी म्हणून १९६५ सालीच निकालात निघाली, तरी लॉर्ड्सवर ती अजून फलंदाजी करते. चिमुकली रटलंड १९७४ मध्ये लेस्टरशरच्या पोटात गेली आणि १९९७ मध्ये सुखरूप बाहेर आली. व्याह्यांचे मूळ गाव ज्या खोऱ्यात आहे, तिथल्या टेकडीवर खडूच्या पांढऱ्या रेषांनी काढलेला एक प्रचंड घोडा सुमारे तीन हजार वर्षे निवांत पसरला आहे. हा घोडासुद्धा १९७४ साली, जागचा तसूभर न हलता, बर्कशरमधून ऑक्सफर्डशरमध्ये गेला.

घोड्याबरोबर व्याह्यांचे गावही गेले, पण गावाचे कागद गेले नाहीत. पॅरिशच्या नोंदवह्या जुन्या बर्कशरच्या म्हणून रेडिंगच्या अभिलेखागारात राहिल्या. चर्चच्या कारभारात बर्कशर १८३६ पर्यंत सॉल्सबरीच्या बिशपच्या अखत्यारीत होती, म्हणून त्या बिशपच्या दफ्तरासाठी विल्टशरमधले चिपनहॅम गाठावे लागते. ज्या शेतमजुराने आयुष्यात आठवड्याच्या बाजारापलीकडे बहुधा काही पाहिले नव्हते, त्याच्या शोधात मी तीन काउंट्या पालथ्या घातल्या.

अभिलेखागारात शाईचे पेन, पिशवी आणि चहा या तिन्हींना मज्जाव असतो. हाती पेन्सिल घेऊन आपण ताठ बसायचे आणि जुन्या वहीला मात्र मऊ उशीवर झोपवायचे, अशी तिथली रीत आहे. वही उघडावी तर जॉनचा मुलगा जॉन, त्याचा चुलता जॉन आणि शेजारच्या घरातही जॉनच. त्यात इंग्रजांचे वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला, म्हणजे साधारण आपल्या पाडव्याच्या सुमारास, सुरू होत असे. त्यामुळे एप्रिल १७३० मध्ये लग्न झालेल्या जोडप्याच्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३० मध्ये झालेला पाहून व्याही गोरेमोरे झाले होते. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३१ चा, असे समजावून मी त्या घराण्याची अब्रू वाचवली.

१८४१ च्या खानेसुमारीने घोळ आणखी वाढवला. पंधरा वर्षांवरील माणसांची वये तीत साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात आणि जन्मगावाऐवजी, याच काउंटीत जन्म झाला का, एवढेच विचारलेले असते. आमच्या जॉनपुढे ‘नाही’ लिहिले होते. व्याह्यांनी ते कारकुनाच्या माथी मारले. कागदावर गाव कुठेही गेले तरी पाकिटावर बर्कशरच लिहिणारा हा गृहस्थ. त्याच्यापुढे १८४१ चा कारकून टिकणार कसा?

अखेर गरीब कायद्याच्या कागदांनी सगळे उघड केले. १६६२ च्या कायद्यापासून, गरजू माणसाला पोसण्याची जबाबदारी कोणत्या पॅरिशची, यावरून गावागावांत सतत भांडणे चालत आणि ती मिटवण्यासाठी त्या माणसाची शपथेवर सविस्तर जबानी घेतली जाई. जन्म कुठला, चाकरी कुणाकडे केली, वर्ष भरले की नाही, बायको कुठली, हे सारे त्यात येते. आपल्या पदरचे चार शिलिंग वाचावेत म्हणून पॅरिशच्या अधिकाऱ्यांनी एका निरक्षर मजुराचे असे चरित्र लिहून ठेवले, जे खाऊनपिऊन सुखी असलेल्या त्याच्या शेजाऱ्याच्या नशिबी कधीच आले नाही. माझ्या मते इंग्लंडमधला सर्वांत वाचनीय कागद हाच. जॉनची जबानी स्वच्छ होती आणि खाली त्याची फुली होती. जन्म थेम्सपलीकडचा, ऑक्सफर्डशरचा.

याचा अर्थ, १७३० पर्यंत खपून जमवलेले सगळे पितर दुसऱ्याच कुणाचे तरी होते. मी हे जितक्या हळुवारपणे सांगता येईल तितक्या हळुवारपणे व्याह्यांना सांगितले. त्यांनी चष्मा लावून जबानी शेवटपर्यंत वाचली, घडी घालून माझ्या हाती परत दिली आणि अत्यंत सभ्य स्वरात म्हणाले, “हा जॉन आपला दिसत नाही. तिथे बरेच आहेत असे तुम्हीच म्हणाला होतात. दुसरा पाहा.”