आकडा स्थिर होईना

बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या माणसाला एवढंच ठाऊक असतं, की कांडी बुडवली की आकडा येतो. येतो ना. फक्त तो थांबत नाही.

यवतमाळ, चंद्रपूरकडचं फ्लोराइडचं दुखणं जुनं आहे. ते खडकातूनच पाण्यात उतरतं. रंग नाही, वास नाही. पोरांच्या दातांवर डाग दिसायला लागले की गाव जागं होतं. ते मोजायला ही इलेक्ट्रोडची कांडी. १९६६ साली फ्रँट आणि रॉस या दोघांनी अमेरिकेत ती जगापुढे आणली. टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक, त्यात किंचित युरोपियम. त्यातून वाट मिळते ती फ्लोराइडलाच. क्लोराइड, नायट्रेट कितीही असू देत, ही कांडीबाई ढुंकून बघत नाही. असा बाणेदारपणा मला माणसात आवडतो, यंत्रात त्याचा जाच होतो.

कारण बाई मोजतात ते फक्त मोकळे आयन, म्हणजे पाण्यात सुटे फिरणारे विद्युतभारित कण. जो फ्लोराइड पाण्यातल्या ॲल्युमिनियमशी किंवा लोखंडाशी घरोबा करून बसला, तो त्यांच्या हिशेबी नाहीच. मग टिसॅब नावाचं बफर निम्मं निम्मं घालून काडीमोड घडवावा लागतो. तेच बफर पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ५ ते ५.५ च्या आसपास धरून ठेवतं. पीएच खाली गेला तर फ्लोराइड हायड्रोजनच्या गळ्यात पडून दिसेनासा होतो, फार वर गेला तर हायड्रॉक्साइडलाच फ्लोराइड समजून बाई फसतात.

बाकीचं सोवळं वेगळंच. बीकर प्लास्टिकचा, काचेचा नको. स्फटिकाखाली हवेचा बुडबुडा नको. टिशूने टिपायचं, पुसायचं नाही. जोडीला तुलनेसाठी बुडवलेल्या संदर्भ इलेक्ट्रोडचं द्रावण भरायचं भोक उघडं हवं. आधी पातळ द्रावण, मग तीव्र. ढवळणाऱ्या स्टिररची मोटर तापते म्हणून बीकरखाली थर्माकोलचा तुकडा. आणि मीटरवरचा आकडा मिलिव्होल्टमध्ये येतो; फ्लोराइडच्या दर दहापटीला पुस्तकात ५९.१६ मिलिव्होल्टचा फरक लिहिलाय, तो २५ अंशांना. आमच्याकडे मे महिन्यात खोलीचे ४० अंश झाले की तोच फरक ६२ वर जातो. एसीची फाइल वर गेलेली आहे. ती अजून वरच आहे.

त्या दिवशी समोर बसले होते ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे भाऊ. परतीची एसटी गाठायची म्हणून त्यांची नजर घड्याळावर, माझी मीटरवर.

"आला का जी मॅडम?"

"स्थिर व्हायचाय."

"कमी तर होऊन राहिला ना. चांगलंच हाय मंग."

फ्लोराइड वाढलं की मिलिव्होल्ट खाली जातात, हे त्यांना कसं सांगावं? मी नुसती मान हलवली. ते खूश झाले.

आकडा थांबला, असं वाटून मी पेन उचललं की तो दशांशाने सरकायचा. तुम्ही म्हणाल, दशांशाचं काय एवढं! पण इथे सगळा मामला लॉगचा, म्हणजे पटींचा. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे तीव्रतेत सुमारे ४ टक्के. आणि त्या दिवशी उत्तर निघालं १.४८.

भारतीय मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्या १.४८ वर ४ टक्के चढवले की झालं १.५४. म्हणजे एका मिलिव्होल्टवर अख्खं गाव टांगलेलं. मी पुन्हा इलेक्ट्रोड धुतला, पुन्हा टिपला, नवा बीकर लावला. आलं १.५१.

"मंग, प्यायचं का नाही प्यायचं?"

"गावात दुसरा स्रोत आहे का पाण्याचा?"

"हाय ना जी, शाळेमागची विहीर," म्हणत भाऊंनी पिशवीत हात घातला आणि दुसरी बाटली काढून टेबलावर ठेवली. "तिचंही पाहून द्या लगेच. एसटीला अजून वीस मिनटं हायेत."